डॉर्सीच्या नावावर वाजलेली गिटार

हर्शेल पेटवे आणि एमॉस मॅब्री यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, तर हार्लो गावात ती बातमी व्हायची. मेबेलच्या गाण्यानाचण्याच्या अड्ड्याचं दार हिरवं होतं, असं हर्शेल म्हणायचा. एमॉस म्हणायचा, त्या दाराने जन्मात रंग पाहिला नव्हता. नदी बांधाला लागली त्या शनिवारी आपण वाजवलं की नाही, यावरून तर दोघांनी एक अख्खा हिवाळा अबोला धरला होता. दोघं ऐंशीच्या पुढचे, दोघांच्याही बायका गेलेल्या, आणि भांडायला हक्काचं माणूस म्हणून एकमेकांशिवाय कोणी उरलेलं नाही. तेव्हा अबोला तरी किती दिवस टिकणार? वसंत आला, मासे गळाला लागायला लागले, आणि हे दोघे पुन्हा एका होडीत बसून भांडायला लागले.

त्या दुपारी इझोला क्रेनशॉ लिंबाचा केक घेऊन हर्शेलच्या दारी पोचली, तेव्हाही हेच चाललं होतं. गाडी उभी करायच्या पत्र्याच्या छपराखाली खुर्च्या टाकल्या होत्या, आणि मधे जॅक्सनहून आलेली व्हॉनेटा नावाची चित्रकार मुलगी कागद मांडीवर घेऊन बसली होती. दाराच्या रंगावर वाद चालू होता, आणि बिचारीच्या हातातली पेन्सिल अर्ध्या वाटेत थांबलेली होती. इझोलाची मुलगी रोशेल आईला खुर्चीत बसवून गोड थंड चहाचे ग्लास भरायला गेली.

तर झालं होतं असं, की बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची रेल्वेकडची भिंत गावाने रंगवायला काढली होती, आणि तिच्यावर मेबेलच्या अड्ड्यातल्या बँडचं चित्र यायचं होतं. हार्लोत ब्लूज म्हणजे मेबेलचा अड्डा आणि मेबेलचा अड्डा म्हणजे हे तिघं. गाणारा आणि गिटारवर झणझण करणारा हर्शेल, ड्रमवर एमॉस, आणि दुसरी गिटार घेऊन नुसत्या खर्जाच्या तारांवर ठेका धरणारा डॉर्सी क्रेनशॉ. डॉर्सी इझोलाचा नवरा. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

व्हॉनेटाने विचारलं, की डॉर्सी नक्की कुठे उभे राहायचे.

"माझ्या उजव्या हाताला," हर्शेल म्हणाला.

"उजव्या हाताला," एमॉस म्हणाला. "आणि पोरी, त्याच्यासारखा खर्ज या काउंटीत कोणी वाजवला नाही, हेपण लिहून ठेव."

"नाहीच वाजवला," हर्शेल म्हणाला.

बघा आता. साध्या दाराच्या रंगावर ज्यांचं पटत नाही, त्या दोघांचं नेमकं या एका गोष्टीवर पटावं, आणि नेमकी तीच गोष्ट खोटी असावी! इझोलाने केकची सुरी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

रोशेलने दिलेला डॉर्सीचा फोटो व्हॉनेटाच्या कागदांवर ठेवलेला होता. सायीच्या रंगाचा सूट, एका डोळ्यावर कललेली टोपी, छातीशी धरलेली गिटार आणि ते हसू. त्या हसण्यापायी निम्म्या गावातल्या मुली रविवारी चर्चमध्ये मागे वळून बघायच्या. फोटोत खोटं काही नव्हतं. सूट त्याचाच, टोपी त्याचीच, गिटारही खरीखुरी. पण त्या गिटारीची वायर कशालाच जोडलेली नसायची, ती नुसती त्याच्या पाठीमागे लोंबायची. आवाज यायचा तो स्वयंपाकघरातून. तिथे चुलीशेजारच्या स्टुलावर बसून दुसरी गिटार वाजवायची ती इझोला.

हे असं का, तर इझोलाच्या आईमुळे. मदर हॅटी म्हणजे चर्चमधल्या पहिल्या बाकावर पांढरे कपडे आणि पांढरी टोपी घालून बसणाऱ्या म्हाताऱ्यांमधली सगळ्यात कडक म्हातारी. पाद्री प्रवचन करताना अधूनमधून तिच्या तोंडाकडे बघून घ्यायचा, एवढा तिचा धाक. इझोलाच्या हातात गिटार आली ती चर्चमध्येच, भजनांना साथ करायला. पण तीच बोटं शनिवारी ब्लूजला लावायची म्हणजे सरळसरळ सैतानाची चाकरी. मेबेलकडे मासे तळायला जायची परवानगी मात्र होती. तीही नाक मुरडूनच. मासे तळणं हे काम आहे, पाप नाही, असा मदर हॅटीने स्वतःच निकाल दिला होता.

पुढे आधीचा खर्जवाला शिकागोला निघून गेला आणि शनिवारची गर्दी तोंडावर आली. हर्शेल कपाळाला हात लावून बसला. कोणीतरी विसरून गेलेली एक गिटार मेबेलच्या पिठाच्या पोत्यामागे पडलेली होती. इझोलाने हात पुसले, ती उचलली आणि हर्शेलच्या गाण्याखाली सहज ठेका धरला. मेबेल बाहेरून धावत आली, दारात थांबली, आणि मग काही न बोलता तिने कढईतला झारा स्वतःच्या हातात घेतला. त्या दिवसापासून गाणं सुरू झालं की कढई मेबेलकडे आणि गाणं संपलं की इझोलाकडे. मासे देण्याच्या खिडकीखालून वायर बाहेर काढून स्पीकरला जोडली. पण पुढे दोनच माणसं उभी आणि आवाज तिघांचा, म्हणजे लोक विचारणारच. म्हणून डॉर्सी. दिसायला राजबिंडा, इझोलावर जीव टाकणारा, आणि तालाशी कधीच गाठभेट न झालेला. चर्चमध्ये टाळ्या वाजवतानासुद्धा त्याची टाळी एकटी पडायची. बोटं कशी ठेवायची ते इझोलाने त्याला शिकवलं, म्हणजे निदान दिसायला तरी खरं वाटावं.

मेबेलच्या गल्ल्याखाली बाटल्यांच्या शेजारी एक बायबल असायचं. त्याच्यावर हात ठेवून तिने सगळ्यांकडून वचन घेतलं होतं, की मदर हॅटी जिवंत आहे तोवर तोंडाला कुलूप. एमॉसची पाठ खिडकीकडे, म्हणून त्याला जास्तीची ताकीद. मागे वळून बघायचं नाही, कारण तू बघितलंस की गिऱ्हाईक बघणार.

काय दिवस होते ते! कापसाच्या हंगामात शनिवारी मळ्यांवरून ट्रक भरभरून माणसं यायची. आठवडाभर ज्यांच्या पाठी वाकलेल्या, ती इस्त्रीचे कपडे घालून ताठ चालायची. बायका एकमेकींच्या मानेला पावडर लावायच्या. इझोलाने तो नाच डोळ्यांनी कधी पाहिला नाही, पण तिच्या पायाखालच्या फळ्या सगळं सांगायच्या. ही धाकटी बर्निस, चपला काढून नाचतेय. हा रेल्वेवाला लेमुएल, आज कुणाशी तरी रुसलाय. तिने खर्जात जरा रेटलं की फळ्या उसळायच्या, तिने हात आखडला की सगळी खोली तिच्यासाठी थांबायची. बाहेरच्या कुणालाच ठाऊक नसायचं की आपण कुणाच्या हातावर नाचतोय. एवढं सुख तिला पुन्हा कशातच मिळालं नाही. लग्नातही नाही आणि मुलं झाली तेव्हाही नाही. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण असं बोललं की लोक बाईला वाईट म्हणतात.

मग कापूस वेचायला यंत्रं आली, माणसं उत्तरेकडे गेली, मेबेल बहिणीकडे डेट्रॉइटला गेली. इझोलाने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला, डॉर्सीने शाळेची बस चालवली. मदर हॅटी मात्र कुठेच गेली नाही. शहाण्णव वर्षांची होईस्तोवर पहिल्या बाकावर बसून राहिली. ती गेली तोवर अड्ड्याच्या जागी गवत उगवलं होतं, आणि वचनाची मुदत संपली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तोवर घरात तर भलतंच होऊन बसलं होतं. मुलं डॉर्सीला विचारायची, बाबा, तुम्ही खरंच वाजवायचात? तो गोष्टी रंगवून सांगायचा आणि मुलांच्या डोक्यांवरून इझोलाला डोळा मारायचा. तीही पदराआड हसावं तशी मान फिरवून हसायची. मग कधीतरी त्याने डोळा मारायचं सोडून दिलं. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटच्या वर्षी तो अंथरुणावर पडून नातवाला चादरीवर बोटं ठेवून दाखवायचा, खर्ज असा धरायचा. बोटं अगदी बरोबर. शिकवलीच होती तशी. इझोला आत जाऊन भांडी आदळायची, आणि रागाचा भर ओसरला की बाहेर येऊन त्याची उशी सारखी करायची. मरणाऱ्या माणसाच्या हातातून गिटार कशी काढून घ्यायची?

पण आता गोष्ट भिंतीची होती. सोमवारी रंग चढणार होता. एकदा चढला की तिची नातवंडं, त्यांची मुलं, गाडीतून जाणारायेणारा जो तो तेच खरं धरणार. आपण मेल्यावर आपल्या हातांचं या जगात काहीच राहणार नाही, शाळेतल्या पोरांनी खाल्लेले मक्याचे पाव सोडले तर, या विचाराने तिची झोप उडाली होती. म्हणून तिने ठरवलं होतं, आज बोलायचं.

रोशेल चहा घेऊन आली आणि इझोला बोलली. फार काही नाही. खर्ज डॉर्सी वाजवत नव्हता, मी वाजवत होते, आतून, चुलीपाशी बसून. एवढंच.

हर्शेलने ग्लास खाली ठेवला आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "झोला, तू मासे तळायचीस."

"तळायचे. आणि वाजवायचेही."

"अगं, मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असायचो. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा, तोपण सांगू?"

"वास येत असेल. आवाज येत नव्हता."

तो चिडला. तिला वाटलं होतं तो ओशाळेल, पण नाही. त्याच्या डोळ्यांत लबाडी शोधायला गेली तर तीही दिसेना. वचन त्याने इतकं मनापासून पाळलं होतं, इतकी वर्षं इतक्यांना तेच सांगितलं होतं, की आता त्याच्यापुरतं ते खरं झालं होतं. माणूस खोटं बोलत असेल तर त्याला पकडता येतं. विसरलेल्या माणसाला कुठे पकडणार?

ती एमॉसकडे वळली. एमॉस टोपी हातात फिरवत बसला होता. "मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मेबेल म्हणाली मागे बघू नकोस. मी नाही बघितलं. कधीच नाही बघितलं, झोला." मग म्हणाला, "पण का बघायचं नव्हतं, ते काही आठवत नाही."

रोशेलचा चेहरा पडला होता. चर्चची सगळी व्यवस्था बघणारी, कुणाला उलट शब्द न बोलणारी ही मुलगी आईच्या खुर्चीजवळ वाकून हळूच म्हणाली, "आई, बाबांना भिंतीवरून खाली काढायचंय का तुला?"

हे इझोलाला लागलं. तेच तर तिला रात्ररात्र टोचत होतं.

हर्शेल मात्र उठला, तरातरा घरात गेला आणि दोन गिटारी घेऊन आला. लहानसा स्पीकर दाराशी ठेवला, वायरी खोचल्या, आणि एक गिटार तिच्या मांडीवर जवळजवळ टाकलीच. वाजव म्हणाला. तिला म्हणावंसं वाटलं, मी परीक्षा द्यायला आलेली नाही, बाबा. बोटांच्या पेरांना गाठी आलेल्या, सकाळी कपाचा कान धरवत नाही. पण गिटारीचं वजन मांडीवर आलं आणि पाय आपोआप जमिनीवर टेकले. तिने खुर्ची थोडी फिरवून घेतली. समोर माणसं असताना वाजवायची तिला सवयच नव्हती. हर्शेलकडे पाठ आणि तोंड घराच्या भिंतीकडे, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

हर्शेल गायला लागला. नदी, गहाण पडलेलं खेचर, निघून गेलेली बाई, तेच ते. आवाज फाटला होता, पण जिथून यायला हवा तिथूनच येत होता. एमॉस मांडीवर ताल धरू लागला. आणि खालून इझोलाचा खर्ज आला. बोटं अडखळली, एक तार नीट दबली नाही, पण तो आला. व्हॉनेटाची पेन्सिल पुन्हा थांबली, आणि रोशेलने तोंडावर हात ठेवला.

आता हर्शेलची एक खोड नदीकाठच्या साऱ्या मुलखाला माहीत होती. तो मापात कधी गायला नाही. शिकलेले लोक बारा आवर्तनं मोजतात, सूर कुठे बदलायचा ते आधीच ठरलेलं असतं. हर्शेलचं तसं नाही. त्याच्या मनाला येईल तेव्हा तो बदलणार. कधी लवकर, कधी एकाच ओळीवर घोळत घोळत उशिरा. बाहेरगावचे भलेभले वाजवणारे त्याच्याबरोबर तोंडघशी पडायचे. आताही तो एकाच ओळीवर रेंगाळला, पुन्हा रेंगाळला, आणि मग मान मागे टाकून जिवाच्या आकांताने ओरडला, "डॉर्सी!"

त्या क्षणी इझोलाने सूर बदलला. अगदी त्याच्याबरोबर. केसभराचंही अंतर नाही.

पुढच्या ओळीवर पुन्हा तेच. "डॉर्सी!" आणि पुन्हा तिचा हात सरकला.

तिसऱ्या वेळेला हर्शेलने तोंड उघडलं आणि हाक बाहेर पडलीच नाही. त्याने तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला. मग तो बघत बसला, आपल्या उजव्या हाताच्या मोकळ्या जागेकडे.

"एमॉस," तो म्हणाला, "डॉर्सी तर माझ्या शेजारीच उभा असायचा ना?"

"खांद्याला खांदा लावून. तूच म्हणालास."

"मग मी एवढ्या मोठ्याने कुणाला हाका मारायचो रे?"

इझोला भिंतीकडे तोंड करूनच बसली होती. म्हातारीचे खांदे हलत होते आणि ती ते लपवत नव्हती. रोशेल जवळ आली, खाली बसली आणि आईचा गाठी आलेला हात तिने गिटारीवरून उचलून आपल्या गालाला लावला.

"तू दर वेळी बाबांच्या नावाला ओ द्यायचीस?"

"मग काय करू?" इझोला नाक पुसत म्हणाली. "खिडकीतून मला हर्शेल दिसायचा नाही, सूर कधी बदलायचा ते हाकेवरूनच कळायचं. नाव कुणाचं का असेना, हाक मलाच होती."

हर्शेलने माफी वगैरे मागितली नाही. तसला तो माणूस नव्हे. त्याने केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापून तिच्यासमोर ठेवला आणि घसा खाकरून व्हॉनेटाला म्हणाला, की फोटो परत कर, चित्र नव्याने काढावं लागेल. पण इझोलाने मान हलवली. डॉर्सीला राहू दे म्हणाली. सगळ्यांत देखणा तोच होता, आणि दर शनिवारी इतक्या लोकांसमोर मुक्या गिटारीवर बोटं नाचवत उभं राहायचं, यालाही छाती लागते. तो माझ्यासाठी उभा राहायचा. त्याला तिथेच उभा ठेव, आणि मला त्याच्या पुढे खुर्चीत बसव. गिटार मांडीवर. तोंड लोकांकडे.

व्हॉनेटाने नवा कागद घेतला. जरा संकोचून तिने विचारलं, की त्या काळातला तुमचा फोटो तर नाही, मग अंगावर काय दाखवू?

"निळा झगा," हर्शेल म्हणाला. "गळ्याशी पांढरी पट्टी असलेला. मला चांगला आठवतो."

"कुठला निळा?" एमॉस उसळला. "पिवळा होता. उन्हासारखा पिवळा. तुझे डोळे तेव्हाही गेलेलेच होते."

"तू तर म्हणालास मागे बघितलंच नाही!"

"एकदा बघितलं असेल. तुला काय सगळं सांगायचं?"

झालं, जुंपली. हर्शेल निळ्यावरून हटेना आणि एमॉस पिवळ्यावरून. इझोला आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मेबेलच्या चुलीपाशी तिच्या अंगावर दर शनिवारी तोच एक करडा झगा असायचा, तेलाने कडक झालेला. गाणं चालू असताना या दोघांपैकी एकानेही तिला तिथे कधी पाहिलेलं नव्हतं, आणि आता दोघांनाही ती आठवत होती. व्हॉनेटाने पेन्सिल उचलून तिच्याकडे पाहिलं. खरं काय ते आता तिनेच सांगायचं होतं.

"पिवळा होता," इझोला म्हणाली, आणि केक खायला लागली.